दोन राजे आणि बसचा ड्रायव्हर

नाटक कंपनीच्या कपडेपटातल्या मावशी त्या आठवड्यात दोन राजे शिवत होत्या. दोन जुनी शोकनाटकं, दोन्हींत नट एकच. एक राजा कुणाचंही न ऐकणारा हट्टी, दुसरा सगळं कळूनही पाऊल न उचलणारा. शेवटी दोघांच्याही पायाशी प्रेतं.

मावशींचं मात्र शिवणात चित्त नव्हतं. त्यांचा नवरा शहर बसवर ड्रायव्हर, आणि त्याला हल्ली नीट दिसत नव्हतं. परवा दाराशी आलेल्या सख्ख्या मेव्हण्यालाच त्याने विचारलं होतं, "कोण पाहिजे?" डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर यायचा.

माप घेता घेता त्यांनी नटाला विचारलं, "राजे, या दोघांत जास्त वाईट कोण हो?"

"हट्टी परवडला, मावशी. त्याला खरं ठाऊकच नसतं. कळतं तेव्हा कोसळतो बिचारा. दुसऱ्याला पहिल्या अंकापासून ठाऊक असतं. तो नुसता उद्यावर ढकलतो, आणि मरतात आजूबाजूचे."

"आमचे हे पहिल्यातले. अडेलतट्टू!"

घरी आल्या तर नवरा भिंतीकडे तोंड करून अक्षरं घोकत होता. डोळे तपासायच्या तक्त्यावरची, ओळीने. कामावरची तपासणी जवळ आली होती.

म्हणजे यांना ठाऊक आहे!

"अहो, कळतंय ना तुम्हाला?"

तो दचकला. "एवढी तपासणी होऊ दे. मग बघू."

"आणि तोवर कुणी चाकाखाली आलं तर?"

त्याने तोंड पुन्हा भिंतीकडे केलं. "गाडी गेली तर मी कोण गं?"

हट्टी माणसाशी भांडता येतं. घाबरलेल्याशी काय भांडणार? "डेपोत सांगा," म्हणत मावशींनी फोन त्याच्या हातात दिला. त्याने नंबर लावला, तोडला. पुन्हा लावला, पुन्हा तोडला. शेवटी त्यांनीच फोन ओढून घेतला आणि डेपोच्या साहेबांना सांगून टाकलं, "यांना दिसत नाही. उद्यापासून गाडी देऊ नका."

कितीतरी दिवस नवरा त्यांच्या हातचा चहाही घेईना. ऑपरेशननंतर एक डोळा सुधारला, दुसरा गेला तो गेलाच. आता तो डेपोत चौकशीच्या खिडकीत बसतो. "बायकोने मला गाडीवरून उतरवलं," असं येणाऱ्याजाणाऱ्याला हसत हसत सांगतो. मावशींना ते झोंबतं. मी आणखी थोडं थांबले असते तर हे स्वतःच बोलले असते का, हा किडा त्यांच्या डोक्यातून अजून जात नाही.