सरांच्या मशीनवर चालतं

"आडनाव ऐकलं तेव्हाच वाटलं होतं, हिच्याकडून बिल्ड होणार नाही."

वाशिमच्या आमच्या ऑफिसात सर हे सगळ्यांदेखत बोलले. सगळे हसले. शेजारचा तर असा हसला, की छताच्या पंख्यानं दोन गिरक्या जास्त घेतल्या.

काम काय, तर मराठी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच. ओपन सोर्स. कोणीही कोड घ्यावा, आपल्या मशीनवर बांधावा, म्हणजे बिल्ड करून चालता करावा, सुधारून परत पाठवावा. माझ्याकडं ती बांधलीच जाईना. लाल एरर एवढे, की शेलूबाजारपासून जऊळक्यापर्यंत अंथरता आले असते.

सरांचं एकच. "माझ्या मशीनवर चालतं. अक्कल लागते. ती कोट्यातून मिळत नाही."

रविवारी घरी, शेलूबाजारला, पुन्हा बसले. लॅपटॉप असा तापला, की आईनं त्यावर भाकर टाकली असती.

"काहून वो, कोनाले शिव्या देऊन राह्यली?"

"मशीनले."

"मंग जोरानं दे. इथून आयकू नाही येऊन राह्यलं त्याले."

शेवटी कंटेनर उघडला. म्हणजे मशीनच्या आतच एक कोरी खोली. आधीचं काही नाही. लागेल ते सांगून आणायचं. तिथंही बिल्ड फसला. तेव्हा कळलं. चूक माझी नव्हतीच. लायब्ररीसोबतच्या सूचनांमध्ये एक पॅकेज, म्हणजे आधी बसवून घ्यायचा जोड-प्रोग्राम, लिहायचं राहिलं होतं. ते लिहिलं. लायब्ररी बांधली गेली!

सोमवारी सरांचं मशीन पाहिलं. ते पॅकेज तिथं आधीपासूनच होतं. त्या खुर्चीत पूर्वी बसणाऱ्यानं टाकून ठेवलेलं. आयतं. आणि हा माणूस त्यालाच अक्कल म्हणत होता.

सरांना दाखवलं. ते हसले नाहीत. "ठीक. मला दे, माझ्या नावानं टाकतो. तुझं आडनाव पाहून कोण उघडणार?"

ऑफिसात रीतच होती. दुरुस्ती कोणाचीही असो, बाहेर जायची सरांच्या नावानं.

माझी ऑफिसातली मराठी गळून पडली. "मीच पाठवीन, सर. माह्या नावानं. आडनावासकट."

पाठवली. त्यांच्यासमोर.

"यापुढं या लायब्ररीला हात लावायचा नाही."

हात लावायचा नाही. माझ्या आजानं हेच विहिरीवर ऐकलं होतं.

पण ही विहीर सरांच्या बापाची नाही. कोड उघडा आहे. लॅपटॉप माझा आहे. दुरुस्ती लायब्ररी सांभाळणाऱ्यांपैकी अजून कोणी मंजूर केलेली नाही. उघडूनही पाहिलेली नाही. म्हणून मी दुसरी पाठवली. आता तिसरी बांधतेय.

प्रत्येकीखाली पूर्ण नाव. आडनाव आधी.