माझ्या नजरेचं रेकॉर्डिंग

मला फसवलं ते त्या संशोधक बाईंनी. प्राचार्यांनी त्याचा फायदा घेतला, ते नंतरचं. शब्द बाईंनी दिला होता आणि मोडला तोही त्यांनीच.

मी लाकडी पॅलेटचा धंदा करते. चाकणच्या कंपन्यांत बाहेरून माल येतो, त्याच्याखाली लाकडी चौकटी असतात. त्या चौकटी कंपन्यांच्या यार्डातून घ्यायच्या आणि तळवड्याच्या फर्निचरवाल्यांना विकायच्या. लग्नानंतर लातूरकडून इकडे आले तेव्हा मला कुणी ओळखत नव्हतं. यार्डातल्या पुरुषांशी भांडून मी माझी जागा केली. धंदा बसल्यावर बाहेरून बी.ए. केलं, आणि चाळिशी जवळ आली असताना आकुर्डीच्या एका कॉलेजात बी.एड.ला नाव घातलं. शाळेत शिकवायची हौस मला लहानपणापासून होती. वर्गातल्या पोरी मला काकू म्हणायच्या.

एके दिवशी एक संशोधक बाई आमच्या वर्गावर आल्या. होणारे शिक्षक प्रश्न सोडवताना पडद्यावर कुठं कुठं बघतात, याचा त्या अभ्यास करत होत्या.

"याला गुण नाहीत," त्या म्हणाल्या. "रेकॉर्डिंग फक्त माझ्याकडे राहील. कॉलेजमधल्या कुणालाही दिसणार नाही."

"आमचं नुकसान काय होऊ शकतं?" मी विचारलं.

मागून एक पोरगी हसली. "काकू, इथं पण भाव करता व्हय!"

"काहीच नुकसान नाही," बाई म्हणाल्या. "माझा शब्द."

कॉम्प्युटरच्या पडद्याखाली डोळ्यांची हालचाल टिपणारी एक काळी पट्टी लावली होती. हनुवटी टेकूवर ठेवायची आणि हलायचं नाही. आधी एक ठिपका फिरला, त्याच्यामागे डोळे फिरवायला लावले. मग प्रश्न आले. मुलाचं उत्तर चुकलं तर शिक्षकानं काय करावं, वर्गात कुणी गप्पच बसत असेल तर काय करावं, असे. प्रत्येकाला चार पर्याय. मला ते सोपे गेले. शेवटी बाईंनी कौतुकानं माझं रेकॉर्डिंग दाखवलं. पडद्यावर एक लाल गोल फिरत होता. म्हणाल्या, ही तुमची नजर. कुणीतरी कडी न वाजवता घरात शिरून माझे डबे उघडून बघतंय, असं वाटलं. पण पोरी बाहेर थांबल्या होत्या, म्हणून हसून उठले.

काही दिवसांनी प्राचार्यांनी खोलीत बोलावलं. त्यांच्या टेबलावरच्या पडद्यावर तोच लाल गोल फिरत होता. बाईंनी कॉलेजचाच कॉम्प्युटर वापरला होता आणि जाताना आमची रेकॉर्डिंग पुसायची राहिली होती. नावासकट.

"बघा," प्राचार्य म्हणाले. "बाकीच्या मुली दोन पर्यायांत घुटमळतात, बरोबर पर्यायावर थांबतात, मग तो निवडतात. तुमची नजर चुकीच्या पर्यायांवर रेंगाळते. बरोबर उत्तराला जेमतेम शिवते आणि तरी क्लिक त्याच्यावरच. उत्तरं आधी माहीत असल्याशिवाय हे जमत नाही."

असं का झालं, ते मला लगेच कळलं. यार्डात चांगल्या लाकडाच्या थप्पीकडे बघायचं नसतं. पॅलेट विकणारा ठेकेदार आपल्या डोळ्यांवर डोळा ठेवून असतो. नजर थांबली की भाव चढला. म्हणून मी आधी मोडक्या ढिगाशी जाते, फळी उचलते, नाक मुरडते, वाकलेल्या खिळ्यांवरून वाद घालते. चांगली थप्पी जाता जाता बघून घेते. तेवढ्यात मला लाकूड कळतं. इतकी वर्षं हेच केल्यावर डोळ्यांना दुसरं वळण राहिलेलं नाही.

मी हे सगळं सांगितलं. प्राचार्य हसले. "म्हणजे प्रश्नपत्रिकेशीसुद्धा घासाघीस?"

"सर, ज्याला गुणच नाहीत त्यात मी चोरी कशाला करू?"

"तेच तर म्हणतोय. इथं करता, मग विद्यापीठाच्या परीक्षेत काय करत असाल?"

माझा हात टेबलावर आपटला. पाण्याचा ग्लास कलंडला. ते शांतपणे खुर्ची मागे घेत म्हणाले, "खरा माणूस एवढा चिडत नाही, बाई." आणि चौकशी होईपर्यंत शाळेवर शिकवायला जाणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढलं. ते शिकवणं झाल्याशिवाय बी.एड. पुरं होत नाही.

घरी नवरा फर्स्ट शिफ्ट करून आला होता. त्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "खरं सांग, कुणी दिली होती का उत्तरं?"

त्या एका प्रश्नानं मला जेवढी भीती वाटली, तेवढी प्राचार्यांची वाटली नव्हती. घरचा माणूस विचारतो, तर बाहेरचे विचारणारसुद्धा नाहीत, धरूनच चालतील.

मग बघायचीच भीती बसली. वर्गात शेजारणीच्या वहीकडे नजर गेली तरी दचकायचे. यार्डात गेले तर कुठं बघावं ते सुचेना. ठेकेदार म्हणाला, "ताई, आज भांडत नाही, ताप आलाय का?" रिकाम्या टेम्पोनं परत आले.

शेवटी मीच प्राचार्यांना म्हणाले, माझी परत परीक्षा घ्या, नवे प्रश्न द्या. ते लगेच हो म्हणाले. समोरचा एवढ्या पटकन हो म्हणाला की माल तपासायचा असतो, हे मला शिकवायला नको. पण भीतीनं तेही सुचलं नाही.

बाईंची काळी पट्टी आणि टेकू अजून कॉलेजातच होते. हनुवटी टेकूवर ठेवली आणि ठरवलं, आता बाकीच्या पोरींसारखं बघायचं. प्रत्येक पर्यायावर थांबायचं. बरोबर वाटेल त्यावर जास्त थांबायचं. थांबले. पण डोळे सांभाळता सांभाळता वाचलेलं डोक्यात शिरेना. चौथा पर्याय वाचेपर्यंत पहिला विसरायचा. लाल गोल दिसत नव्हता, तरी तो माझ्या मागून चालतोय असंच वाटत होतं. पुष्कळ उत्तरं चुकली.

प्राचार्यांनी निकाल पुढं सरकवला. "या वेळी आधी माहीत नव्हती, नाही का?"

मी संशोधक बाईंना फोन केला. त्यांनी एकदाच उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सहभागी व्यक्तींची माहिती मला कुणाशीही बोलता येत नाही. गोपनीयतेचा नियम आहे." माझी नजर नावासकट कॉलेजात सोडून गेलेली बाई मला गोपनीयता शिकवत होती. त्यानंतर फोन लागत नाही.

सोमवारी शाळेवर शिकवायला जाणाऱ्यांची अंतिम यादी लागणार आहे. तीत नाव नसलं तर वर्ष जाईल, आणि चोर हा शिक्का राहील. त्या शिक्क्यासकट मला कोणती शाळा वर्गात उभी करेल?

म्हणून संशोधक बाई, हे तुमच्यापर्यंत पोचेल या आशेनं लिहितेय, सोमवारच्या आत आकुर्डीला या. प्राचार्यांच्या खोलीत, माझ्या देखत सांगा, नजर कुठं थांबली यावरून चोरी ठरते का? ठरत असेल तर तसं तोंडावर सांगा, मी ऐकून घेईन. ठरत नसेल तर तेही तुम्हीच सांगायचं, कारण त्या लाल गोलाचा अर्थ लावायला शिकलेल्या तुम्ही आहात, प्राचार्य नाहीत. मी तुमच्या शब्दावर त्या काळ्या पट्टीसमोर बसले होते. त्या शब्दाचं काय केलंत, याचं उत्तर मला पाहिजे.