तात्यांचं दुकान उघडं आहे

काल सकाळी रत्नागिरीत कोणाची पंपाची मोटर जळली, तर तिच्यात नवी तार भरून द्यायला कोणी नव्हतं.

भरणारे आम्ही सगळे स्मशानात होतो.

आणि नेमकी कालच जळली.

आमचे तात्या गेले. बंदराकडचं मोटर रिवाइंडिंगचं जुनं दुकान त्यांचं. आंब्याच्या बागेतला पंप असो की बर्फाच्या कारखान्यातला, जळला की तात्यांकडे. जळकी तार काढायची, नवी भरायची.

मी देवरूखकडचा. आयटीआय करून त्यांच्याकडे अप्रेंटिस म्हणून आलो. आज माझं स्वतःचं दुकान आहे. पावसला, लांज्याला, जाकादेवीला जी दुकानं आहेत, तीही तात्यांकडे शिकलेल्यांचीच.

शेजारचे हार्डवेअरवाले शेठ चिडवायचे, "तात्या, तुम्ही मोटरी कमी भरता आणि स्पर्धक जास्त!"

"शेठ, गावात एकच खानावळ असली की लोक घरीच जेवतात. चार झाल्या की बाहेर जेवायची सवय लागते."

शेठ हसले. पण तात्यांचं खरं ठरलं. पूर्वी अर्ध्या मोटरी टेम्पोत पडून कोल्हापूरला जायच्या. आता घाट चढत नाहीत.

आणि आम्हाला न झेपणारं मोठं काम आम्ही कोणाकडे पाठवत होतो? तात्यांकडेच.

शिकवायची त्यांची तऱ्हा वेगळी. सुरुवातीला हातात नवी तार मिळायची नाही. जळलेली मोटर उघडायची, आणि का जळली ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं.

मी एका बागायतदाराला सांगितलं, "काका, विहिरीत पाणी नव्हतं आणि तुम्ही पंप चालू ठेवलात."

काका भडकले. ते गेल्यावर तात्या म्हणाले, "मेल्या, खरं बोललास. पण आधी चहा पाजायचा, मग बोलायचं."

ते काका शेवटपर्यंत तात्यांचंच गिऱ्हाईक राहिले.

एकदा मी विचारलं, "तात्या, आम्हाला शिकवून तुम्हाला काय मिळतं?"

"तुम्ही दिवसभर 'का, का' करता ना, म्हणून माझा हात सैल पडत नाही. एकटा असतो तर कधीच ढिला झालो असतो." आणि लगेच दम, "शिकाऊ म्हणजे फुकटचा हमाल नव्हे. उद्या दुकान काढशील तेव्हा लक्षात ठेव."

तर कालचं.

चिता पेटली होती. माझे कान पहिल्यापासून तिखट. मागे कोणीतरी कुजबुजलं, "आता यांचं गिऱ्हाईक कोणाकडे जाणार?" दुसरा म्हणाला, "मुलगा गाळा मोबाईलवाल्याला देतोय म्हणे."

 पण दुकानात सायली आहे. केळशीची, तात्यांची शेवटची अप्रेंटिस. शिक्षण अर्ध्यावर.

तेवढ्यात तिचाच फोन. ती तात्यांच्या घरी, त्यांच्या पत्नीपाशी, आमच्या काकूंपाशी होती, तात्यांचा मोबाईल तिच्याकडे.

"दादा, बर्फाच्या कारखान्याची मोटर गेली. काय सांगू? उद्या बोटींना बर्फ हवा."

मी प्रसादकडे पाहिलं. तात्यांचा मुलगा, ठाण्याला असतो. तो म्हणाला, "आज दुकान नको हो. लोक काय म्हणतील?"

फोनवर मागून काकूंचा आवाज आला. रडून बसलेला, पण ठाम.

"बर्फ नाही मिळाला तर मासळी कुजेल आणि लोक यांच्या नावानं बोटं मोडतील. ते मला नको. जा तुम्ही सगळे."

आंघोळी करून आम्ही सरळ तात्यांच्या दुकानात.

चार दुकानांचे चार मालक, एका मोटरीवर! कोण तार सोडवतंय, कोण तारेखाली घालायचा कागद कापतंय. लांज्याचा विजय पुढे सरसावला तसा मी त्याला अडवलं.

"कॉइल सायली बसवेल. आपण हाताखाली."

"दादा, माझं चुकलं तर?"

"चार म्हातारे बसलोत ना चुका काढायला!"

संध्याकाळी वार्निश देऊन मोटर सुकत ठेवली. आज सकाळी कारखान्यात नेऊन चालू केली. मी तात्यांसारखा स्क्रूड्रायव्हर बेअरिंगला टेकवून मूठ कानाला लावून आतला आवाज ऐकला. मग तो सायलीच्या हातात दिला.

ती ऐकत राहिली. म्हणाली, "साफ आहे."

साफच होती.

प्रसाद बाजूला उभा होता.  मग म्हणाला, "हिचं शिकणं पुरं होईपर्यंत तरी दुकान राहू दे."

मी म्हटलं, "हिचं पुरं झालं की पुढचा येईल रे."

हसला. बापासारखा.

आमचं ठरलंय. चौघांनी पाळीपाळीनं तात्यांच्या दुकानात बसायचं. आणि प्रत्येकानं आपल्या दुकानातही अप्रेंटिस घ्यायचाच.

धंद्यातल्या मित्रांनो, "शिकतात आणि जातात" हे मी रोज ऐकतो. जाऊ द्या. आम्हीही गेलो होतो.

काल कोण आलं, ते बघा.

तात्या, मोटर साफ फिरतेय. बोटींना बर्फ मिळाला.

निवांत जा. आमच्या सगळ्यांचा शेवटचा नमस्कार.