पन्नासावी पुंगळी

"बूड बघा आधी," असं म्हणून काका हातातली वस्तू उलटी करायचे. अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनी गावात कुणाकडे जेवायला गेलं की रिकामी झालेली स्टीलची वाटी उपडी करून तिच्यावर कुणाचं नाव घातलंय ते वाचायचे, आणि चुकून दुसऱ्या घरात गेलेली वाटी मालकिणीला परत मिळायची. बायका त्यांच्यावर खूश होत्या. मी नव्हतो.

आम्ही एकाच कारखान्यात इंजिनिअर. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, म्हणून काका. गावाबाहेरच्या रायफल क्लबात मराठी माणसं आम्ही दोघंच. वापरलेल्या पितळी पुंगळीत नवी दारू आणि नवी गोळी भरून घरीच काडतूस तयार करायचं, हा तिथला छंद. मी जमिनीवर सापडतील त्या पुंगळ्या भरायचो. ते एकाच कंपनीच्या घ्यायचे, तेही बुडावरचा शिक्का वाचून, एकेकीचं वजन करून.

"काका, पितळ ते पितळ," मी म्हणायचो.

"अहो, तुमच्या या पुंगळीची भिंत जाड, म्हणून आत जागा कमी. दारू तेवढीच, पण जोर वेगळा. गोळी दुसरीकडेच जाणार. माझा पन्नासचा डबा घेऊन जा, ट्राय तर करा."

मी नेला नाही. त्यांच्या पाच गोळ्यांची भोकं एका नाण्याखाली झाकली जायची, माझी झाकायला बशी लागायची. माणूस शिष्ट असता तर माझी सोय झाली असती. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याचा राग यायला काही कारणच मिळत नाही. माझ्या पोटात दुखायचं ते यामुळेच. बायको म्हणायची, "हल्ली तुमच्या तोंडी त्यांचंच नाव असतं."

त्या वर्षीच्या मॅचमध्ये शेवटच्या पाच गोळ्या राहिल्या होत्या. ते पहिले, मी जेमतेम मागे. ते टार्गेटं बदलायला मदत करायला गेले. त्यांचा डबा माझ्या शेजारीच उघडा होता. मी त्यातलं एक काडतूस काढलं आणि तिथे माझं ठेवलं. गोळी तीच, पुंगळी दुसऱ्या कंपनीची. मुद्दाम केलं, हेही सांगून टाकतो.

त्यांची चौथी गोळी दोन बोटं बाहेर गेली. कप मला मिळाला.

त्यांनी खाली पडलेली पुंगळी उचलली, उलटी केली आणि बुडावरचा शिक्का वाचला. मग ती शर्टाच्या खिशात टाकली आणि येऊन माझा हात हातात घेतला. "छान मारलंत," म्हणाले.

ते आता काही बोलतील, मग बोलतील, अशी मी कित्येक आठवडे वाट पाहिली. जेवणावळींत वाट्या उपड्या होतच राहिल्या. डबा घेऊन जा, एवढं मात्र ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

तीन वर्षांनी ते गेले. हार्ट अटॅक. महिन्याभराने काकू तो डबा घेऊन आल्या.

"तुमच्यासाठी बाजूला ठेवला होता यांनी. कधी देणार, विचारलं की म्हणायचे, मागतील ते."

एकोणपन्नास पुंगळ्या त्यांच्या. पन्नासाव्या खाचेत माझी, बाकीच्यांसारखीच घासून लख्ख केलेली. गरज नव्हती, तरी मी तिचं बूड बघितलं.

तेव्हाही मला त्यांचा हेवाच वाटला. अशी गोष्ट खिशात ठेवून माझ्या शेजारी बसून जेवणं त्यांना तीन वर्षं जमलं. मला तीन दिवस जमलं नसतं.