ताटाखालचा कोंबडीचा पाय

बायको जाऊन वर्ष होत आलं. लोक म्हणतात, आबा, सवय होईल. झूट आहे. होत नाही.

परवा सुनेनं जुनी पितळी भांडी पोत्यात भरली, इंदापूरला मोडीत घालायला. त्यात बायकोचं ताटही गेलं. मी म्हणालो, “ते ताट न्हाय द्यायचं.”

“आबा, बुडाला भोक हाय त्याच्या. काय करायचं ठिवून?”

मला नीट सांगता येईना, म्हणून मी ओरडलो. ओरडल्यावर तर ती अजूनच ऐकेना.

त्याच संध्याकाळी टीव्हीवर एक जहाज दाखवत होते. इंग्लंडच्या राजाचं लढाईचं जहाज, पाचेकशे वर्षांमागं किनाऱ्यासमोरच बुडालेलं. उजनी धरणात रुततं तसं गाळात रुतलं, म्हणून आतलं टिकलं. तोफा होत्या, पण मला तोफांचं काय? चामड्याचे जोडे निघाले, सोंगट्यांचा पट निघाला, एका कुत्र्याची हाडं निघाली. आणि फण्या तर ढीगभर. दातांत उवा अजून अडकलेल्या.

“ई!” सून म्हणाली.

“जहाज राजाचं, पर डोकी आपल्यासारखीच,” मी म्हणालो.

मग लाकडी थाळ्या आल्या. त्यांवर चाकूनं ओढलेल्या रेघा, फुल्या. मी विचारलं, “ह्ये काय?”

कार्यक्रम हिंदीत होता, सुनेला हिंदी कळते. “खलाशांना लिवता येत नव्हतं, आबा. आपली थाळी वळखायला खूण केलीय.”

मी उठलोच. पोत्यातून ताट काढून तिच्यापुढं उपडं केलं. बुडावर बायकोनं खिळ्यानं ओढलेल्या तीन रेघा, कोंबडीच्या पायासारख्या.

भांडी घेतली तेव्हा दुकानदार नाव घालून देत होता. बायको म्हणाली, “मला वाचता येतं व्हय? आन् तुमचं नाव घातलं तर भांडी तुमची व्हायची!” गावात लग्न असलं की घराघरातली भांडी एकत्र व्हायची. परत नेताना बाकीच्या बायका नाव वाचणारं कुणी शोधायच्या. हिनं तोवर आपली भांडी उपडी करून घर गाठलेलं असायचं.

हे सांगितल्यावर सुनेनं पोतं आपणच रिकामं केलं. एकेक भांडं उलटं करून बघू लागली. मग फळीवरची स्टीलची. शेवटी लोणी देवकरला कंपनीत नेते तो स्वतःचा डबा उलटा केला.

“अगं बया! आबा, माझ्या डब्याला पन हाय की!”

डबा तिनं तसाच उपडा फळीवर ठेवला.

ताट आता माझ्याकडंच आहे. कालवण गळतं त्यातून. म्हणून झुणका-भाकरी खातो. बरं चाललंय.