मार्शाबाईंचा तांबडा भात

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी हसायला नको. गुहागरहून चिपळूणला जाताना वळणावर एसटी जरा कलली तरी मी डोळे मिटून रामरक्षा म्हणते. अशा बाईला एकटीने कुवेतला जायची वेळ आली. मंजिरीला, म्हणजे माझ्या लेकीला, सातवा लागला होता. जावई निलेश तेलाच्या फील्डवर, पंधरा दिवस तिकडे आणि पंधरा दिवस घरी. आमच्या ह्यांचे गुडघे गेलेले. मग जाणार कोण? विहीणबाई म्हणाल्या, "मी बारशाला येईन, तोवर तुम्ही सांभाळा." म्हणजे मीच.

विमानात शेजारी खेडचा एक सुतारकाम करणारा गृहस्थ होता. विमान हललं की मी खुर्चीचा हात घट्ट धरायची. शेवटी तो म्हणाला, "काकू, तो माझा हात आहे." लाजून मेले. खिडकीतून खाली पाहिलं तर समुद्र संपला होता आणि नाचणीच्या पिठासारखी जमीन लागली होती. झाड म्हणून दिसेना. इथे माणसं खातात तरी काय?

मंजिरीचं घर जाब्रियात, सातव्या मजल्यावर. आजूबाजूला इस्पितळं आणि दवाखाने, त्यामुळे इमारतीत नर्सच जास्त. खाली हारिस (इमारतीचा रखवालदार) बसायचा आणि कोपऱ्यावर बकाला (वाणसामानाचं छोटं दुकान) होता. तिथवर मी धीर करून जायची. खरी भीती लिफ्टची. तिसऱ्याच दिवशी ती मधेच थांबली. आत मी आणि एक उंच, धिप्पाड, मोठ्या आवाजाची बाई. मी ओरडले तशी ती खदखदून हसली आणि तिने माझा हात धरला. "मम्मी, डरना नहीं. दो मिनट." मी हात सोडवून घेतला. मला लिफ्टपेक्षा तिचीच जास्त भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

"अगं आई, त्या मार्शा," मंजिरी म्हणाली. "समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. जमैकाच्या आहेत, नर्स. पहिले तीन महिने मला ओकाऱ्या सुटल्या होत्या तेव्हा त्यांनीच काढलं माझं सगळं. निलेश फील्डवर होता."

हिंदी त्या इथल्या भारतीय नर्सांबरोबर राहून शिकलेल्या. दर शुक्रवारी झाकलेली थाळी घेऊन यायच्या. त्यांच्या देशात हा भात रविवारचा, पण कुवेतात सुट्टी शुक्रवारी, म्हणून रविवारच शुक्रवारी आणलेला. नारळाच्या दुधात शिजवलेला मोकळा, तांबूस भात, त्यात लाल राजमा, आणि ओव्याच्या जवळपास जाणारा कसल्याशा पाल्याचा वास. नाव 'राइस अँड पीज', पण त्यात मटाराचा एक दाणा नाही. मी भीत भीत एक घास घेतला आणि मग ताट पुसून खाल्लं. नारळाचं दूध आहे म्हटल्यावर कोकणी माणूस किती वेळ घाबरणार!

मंजिरीला त्या भाताचे डोहाळे. तेव्हा ठरलं, की पुढच्या शुक्रवारी तो आमच्या स्वयंपाकघरात करायचा आणि मी शिकून घ्यायचा. मार्शाबाईंनी राजम्याचं पाकीट आणून दिलं. "मम्मी, थर्सडे रात को पानी में डालो. बस."

कडधान्य कसं भिजवायचं हे आता मला शिकवणार! चाळीस वर्षं वाल भिजवतेय, मोड आणतेय, सोलतेय. आमच्याकडे राजमा कधी शिजला नव्हता, पण कडधान्य ते कडधान्य. नुसतं भिजवलेलं कडधान्य पाहुण्याला घालायचं, तेही नारळाच्या दुधात? मी सोमवारीच राजमा भिजवला, उपसून फडक्यात बांधला आणि ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला. रोज पाणी शिंपडायची. गुरुवारपर्यंत बोटाच्या पेराएवढे मोड आले.

मधल्या काळात नारळ आणायला आम्ही मायलेकी खैतानच्या बाजारात गेलो. दुकानं एकाला एक लागून, पाट्या पाच भाषांत, आणि उन्हाचा असा तडाखा की गाडीचं दार हाताला चटका देई. तिथे मार्शाबाईंनी सांगितलेली पिवळी, चुण्या पडलेली मिरची मिळाली. भाजीवाला म्हणाला, "अम्मा, हाथ मत लगाना, बहुत खतरनाक." ही मिरची भातात अख्खी सोडायची आणि फुटू द्यायची नाही, फुटली तर भात तोंडात धरवत नाही, असं मंजिरीने सांगितलं होतं. झालं! तीन दिवस मला त्या मिरचीचीच धास्ती. वाटीत ठेवून वर ताटली, ताटलीवर वरवंटा.

शुक्रवारी सकाळी कोमट पाण्यात घालून राजमा सोलायला बसले. मंजिरी समोर पाट घेऊन, पाय पसरून बसली. सालं चिवट होती, पण आत पांढरेशुभ्र दाणे. मी म्हटलं, "खा गं चार. मोडाचं कच्चं अंगी लागतं, बाळाचं रक्त वाढतं."

"नको आई, उग्र लागतात."

"औषध समजून खा. तुझ्या वेळी मी कच्च्या मटकीचे बकाणे भरत होते."

तिने तोंड उघडलं. मी हाताने भरवले. चार कसले, आठ-दहा तरी. दोन मी स्वतः चावले. उग्र होते खरे.

तासाभराने मार्शाबाई आल्या. गळ्यात ॲप्रन, हातात तांदूळ. पातेल्यात डोकावल्या आणि थबकल्या. "मम्मी, लाल किधर?" भाताचा तांबडा रंग त्या सालांतून उतरतो, तो मी सोलून कचऱ्यात टाकला होता. मी ऐटीत मोड दाखवले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे, मग मंजिरीकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "कच्चा किसी ने खाया?"

त्यांचा एवढा हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. कच्चा राजमा विषारी असतो, मोड आणून विष जात नाही, आधी अर्धा तास खळखळून उकळावा लागतो, हे त्यांनी हिंदी-इंग्रजीत सांगितलं आणि मंजिरीने ते माझ्यासाठी मराठीत केलं. सांगताना तिचा हात पोटावर गेला.

"किसने खाया, मम्मी?"

"इसने," मी म्हणाले. एवढंच. मी दिलं, हे शब्द ओठांवर आले आणि तिथेच अडकले. मंजिरीने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मार्शाबाईंनी ॲप्रन काढलं. "अभी हॉस्पिटल चलो. उधर बैठके देखेंगे."

जुम्म्याच्या नमाजाची वेळ झालेली, रस्ते मोकळे. हवेत धूळ इतकी की पुढचा सिग्नल धूसर दिसत होता. मार्शाबाई गाडी चालवत होत्या; मी मागे, वाटेत उलटी झालीच तर म्हणून, मांडीवर रिकामं पातेलं घेऊन बसले होते आणि देवाला म्हणत होते, मला ने, पण त्या दोघांना ठेव. इस्पितळात पोचून खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच मंजिरीला पहिली उलटी झाली. मग दुसरी. मग मोजणं सोडलं. सातव्या महिन्याचं पोट घेऊन ती दुमडून दुमडून ओकत होती आणि मी पातेलं धरून उभी. माझ्याही पोटात ढवळत होतं. ते राजम्याने की भीतीने, देव जाणे.

तिला सलाईन लावलं. बाळाचे ठोके ऐकायला पोटाला पट्टा बांधला आणि यंत्र सुरू केलं. नुसती खरखर. नर्सने पट्टा सरकवला. परत खरखर. मार्शाबाईंनी मागून माझा हात धरला आणि या वेळी मी तो सोडवला नाही. तिसऱ्यांदा सरकवला तेव्हा आला आवाज, टकटक टकटक टकटक, घाईघाईने धावणारा. मी जमिनीवर बसून रडले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे असं कसं खाल्लंस? मंजिरी थकलेल्या आवाजात इंग्रजीत बोलली, पण तेवढं मला समजत होतं. "माझीच चूक. आई नको म्हणत होती."

मी पलंगाशेजारीच उभी होते. गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं; निलेश अजून फील्डवरच होता. तिच्यासाठी मी पेज केली. मार्शाबाईंनी नवा राजमा रात्रीच भिजवून ठेवला होता. आमच्याच ओट्यावर त्यांनी तो भांड्यावरचं झाकण थडथडेल असा उकळला आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. लसूण, पातीचा कांदा, तो वासाचा पाला, मिऱ्याहून मोठे गोल दाणे, मी काढलेलं नारळाचं दूध, आणि वर ती पिवळी मिरची अख्खी. भात झाल्यावर त्यांनी ती देठाने अलगद उचलून बाजूला ठेवली. फुटली नव्हती. जिला मी तीन दिवस वरवंट्याखाली ठेवलं, तिने काही केलं नाही. भात अप्रतिम होता. मी दोन घास खाऊन ताट झाकून ठेवलं.

मुलगी झाली. धडधाकट, आवाज मार्शाबाईंवर गेलेला. बारशाला विहीणबाई आल्या. इस्पितळाची हकिकत निघाली तशी म्हणाल्या, "पोटुशी बाईने जिभेवर ताबा ठेवावा हो. काय ती हाव!" निलेश हसला, "खादाडच आहे ती." मंजिरी पाळण्याची दोरी हलवत राहिली. मी ओल्या नारळाच्या करंज्या वाढत होते, वाढत राहिले. जावयाची आणि विहिणीची भीती मला विमानाहून मोठी निघाली.

निघताना मार्शाबाईंनी त्या पाल्याची आणि गोल दाण्यांची पुडी बांधून दिली. लिफ्टमध्ये त्या सोबत होत्या. म्हणाल्या, "मम्मी, अब डर नहीं लगता?" मी म्हटलं, "लिफ्ट का नहीं."

गुहागरला आल्यावर आळीतल्या बायकांना हा भात करून घातला, घड्याळ लावून उकळलेला. शेजारच्या सुमनने विचारलं, "कुवेतात सगळ्यात जास्त कशाची भीती वाटली?" मी म्हटलं, मिरचीची. सगळ्या हसल्या. गेले सहा महिने मी हेच सांगत आलेय.

काल व्हिडिओ कॉलवर नात पेजेचा चमचा सोडेना. निलेश तिला म्हणाला, "आईसारखी खादाड होऊ नकोस हं." मंजिरी हसली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही, मला अवघड वाटू नये म्हणून.

म्हणून हे सगळं लिहिलं. छापून येण्याआधी याची एक प्रत निलेशला आणि एक विहीणबाईंना धाडतेय. मंजिरीने तो राजमा मागितला नव्हता. ती नको म्हणाली होती. मी भरवला.