विहिरीतून निघालेला कोठा

मी पुण्याला निघाले त्या दिवशी बाबा फाट्यावर आले ते थेट बैलांच्या कोठ्याच्या धाब्यावरून, त्या मातीच्या छतावरून उतरून. हातापायाला पांढुरकी माती. एसटी सुटताना म्हणाले, "पोचली की फोन कर. मले वर जा लागते, आभाय येऊन राहिलं." पोरीपेक्षा ह्यांना कोठा जास्त, असं म्हणत मी अकोल्यापर्यंत रुसून बसले होते.

हिवरखेडच्या आमच्या वावरातला हा बैलांचा कोठा पणजोबांनी बांधला. वावरातलीच विहीर खणताना निघालेला काळा दगड, मातीत रचलेला. भिंत एवढी रुंद, की मी आणि दादा तिच्या देवळीत बसून चिंचा खायचो. "जितकी विहीर खाली गेली, तितका कोठा वर आला," असं बाबा सांगायचे. वर सागाची मयालं, म्हणजे जाड तुळया, त्यांवर बारीक लाकडं, पाला आणि मातीचं धाबं. त्यावर दर उन्हाळ्याच्या शेवटी खारी माती पसरायची. ती भिजली की घट्ट बसते, पाणी खाली उतरू देत नाही.

आता बाबा नाहीत, बैलही नाहीत. यंदा दादानं कोठा पाडून टिनाचं शेड टाकायचं ठरवलं. मी ऑफिसच्या कॅन्टीनमधून व्हिडिओ कॉलवर भांडले. हेरिटेज वगैरे म्हणून झालं. तो शांतपणे म्हणाला, "तुले नुसतं पाहाले पाह्यजे, बाई. माती मले टाका लागते."

मग माती पसरायला मे महिन्यात रजा टाकून गेले. अर्धं धाबं त्याचं, अर्धं माझं. पाठ मोडली, तोंड भाजलं, पण इतकं सुखाचं जेवण कित्येक वर्षांत जेवले नव्हते. कोठा पाडायचं काय, हे मात्र तो बोलला नाही आणि विचारायचा मला धीर झाला नाही.

परवा त्याचा फोन आला. "तुह्या कोपऱ्यात गळून राहिलं. पन्हाळाच्या तोंडाशीच मातीचा ढीग केला तुनं, पाणी जाईन कुठून?"

मजूर लावून सारखं करून घे, म्हटलं.

"काहून? कोपरा तुहा हाय. पोयाले ये अन् करून जाय."

बैल नसले तरी पोळा आहेच. तिकीट काढलंय.

तिकडे राहिलेल्यांना ह्यात नवल वाटणार नाही. माझ्यासारख्या निघून आलेल्यांना सांगते, इथला माझा टू बीएचके गळत नाही, गळलाच तर सोसायटी बघते. पण घर कुठलं विचाराल, तर त्या धाब्याचा एक कोपरा माझा आहे. तो नीट करायला दादा दुसऱ्या कुणाला वर चढू देत नाही.